मुलुंड-बोरिवली, डोंगरमार्गे

समस्त वधूवर आणि त्यांच्या पालकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मुलुंड आणि बोरिवली ही एकमेकांकडे पाठ करून बसलेली सख्खी शेजारी उपनगरं आहेत. मध्ये फक्त एक डोंगर आहे.

ही घोषणा मी पहिल्यांदा केली ती ऐंशीच्या दशकात, बोरिवलीच्या एका बैठकीच्या खोलीत. मुलगी बघून झाली होती. मला ती इतकी आवडली होती की पोहे गोड होते की तिखट, आजही सांगता यायचं नाही. पण तिचे वडील रोखठोक मालवणी गृहस्थ. म्हणाले, "मुलगा चांगलाच आहे हो. पण राहतो सेंट्रल लाइनला! इथून दादर गाठा, पूल चढा, पुन्हा मुलुंडची गाडी धरा. मुलगी मुलुंडला दिली काय नि नागपूरला दिली काय, सारखंच."

नकार दारात येऊन चपला काढत होता. मी उठलो आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. "काका, त्या डोंगरामागे आमचं घर. रविवारी चला माझ्याबरोबर. सकाळी निघालो की जेवायला मुलुंडला."

"मी पण येणार," आतून मुलीचा आवाज आला. तो ऐकून मी आणखीच विरघळलो.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही तिघं नॅशनल पार्कच्या गेटवर जमलो. (मी तिथवर दादरमार्गेच पोचलो होतो, सुदैवानं कुणी विचारलं नाही.) भर थंडीत काकांच्या हातात छत्री. मुलीच्या पायात भावाचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेले.

कान्हेरीपर्यंत रस्ता आहे, ते काही चालणं नव्हे. खरा डोंगर सुरू होतो लेण्यांच्या डोक्यावर. कातळात खोदलेल्या पायऱ्या संपतात, पाण्याची टाकी मागे पडतात आणि एकदम उघडं पठार लागतं, वाऱ्यानं झाडून ठेवल्यासारखं. तिथून पायवाट पूर्वेला कारवीत शिरते. वाळलेली कारवी माणसाहून उंच. पुढचा माणूस दिसत नाही, त्याची खसखस तेवढी ऐकू येते.

"बिबट्या असतो ना हो इथं?" काकांची खसखस थांबली.

"असतो. पण माणसांचा घोळका दिसला की तोच लांब जातो."

"आपण तिघंच आहोत," मुलगी म्हणाली, "हा घोळका धरायचा का, हे त्याला विचारलंयत का?"

पुढे कोरडा ओढा. त्याच्या डावीकडची रुंद वाट फार लाघवी, पण ती ठाण्याकडच्या येऊरला नेऊन सोडते. आपण उजवीकडची, बकऱ्यांनीही नाक मुरडावं अशी बारीक वाट धरायची. तीच सोंडेवर चढते, मध्येच झाडीच्या फटीतून तुळशी तलाव दाखवते, लगेच लपवते. मी कितीदा गेलो असेन, दर वेळी त्या फटीपाशी बोलणं थांबतं. त्या दिवशी काकांचंही थांबलं. अर्थात त्यांना धापही लागली होती.

आणि मग माथा. पश्चिमेला बोरिवलीच्या इमारती, त्यापलीकडे खाडी आणि मनोरीच्या बाजूला समुद्राची एक चंदेरी रेघ. मान वळवली की भांडुप, मुलुंड, मिठागरांचे पांढरे चौकोन, ठाण्याची खाडी. अख्खी मुंबई ज्याला वळसा घालून जगते, तो डोंगर असा दोन्ही हात पसरून दोघांना धरून बसलेला. मी आमच्या इमारतीची टाकी दाखवली. मला वाटलं, जिंकलो.

काका दगडावर बसले, पायातली कुसळं उपटत म्हणाले, "डोंगर झकास आहे. पण तुम्ही मला सांगा, उद्या काखेत पोर घेऊन ही माहेराला येणार ती या वाटेनं? काहीतरीच तुमचं!"

मी पुन्हा मुलुंडकडे पाहिलं. आमचं घर आता खरंच नागपुरात गेलेलं दिसत होतं.

मुलगी मात्र माथ्याच्या कडेला उभी राहून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला बघत होती. चेहरा लालबुंद, केसांत गवत. आणि आमच्याकडे न वळताच ती केवढ्यानं तरी बोलून गेली,

"बाबा, दिवाळसणाला आम्ही इकडूनच येऊ हं!"