बायनाबाई आणि विजेची पट्टी

झरीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यात उंच घर चंद्रभानचं. माळवदावर मजला चढवून त्यानं आभाळातली वीज जमिनीत उतरवायची तांब्याची पट्टी लावायची ठरवली, त्या दिवशी थोरल्या भावाशी, माणिकरावांशी, त्याचं जुंपलं. बायको बायनाबाई तेव्हा नवी नवरी, दाराआड ज्वारी निवडत ऐकत होती.

माणिकराव म्हणाले, "बाजूनं गेली असती ती वीज तू हाका मारून घरावर घ्यायलास."

"दादा, आली तर जायला वाट नको का तिला?"

दोघं भांडून जेवायला बसले. भ्या तेवढं बायनाबाईच्या वाट्याला आलं.

पट्टी लागली. गच्चीवरून भिंतीनं खाली, जमिनीत पुरलेल्या सळईला नटानं आवळलेली. बायनाबाईनं तिला चाळीस वर्षं बोट लावलं नाही. झाडतानासुद्धा ती भिंत हातभर सोडायची. पट्टी काळी पडली, मग हिरवी झाली, तशी नवी धास्ती: आतून सडली तर नसेल? विचारायचं कोणाला, चंद्रभान तर जाऊन वर्षं झालेली.

नात भक्ती बाळंतपणाला आली, बारसं ठरलं. सून सविता हौशी. तिच्या डोळ्यात ती हिरवी पट्टी खुपली. चिंच-मीठ लावून हात पुरेल तिथवर घासली. मागूनही घासता यावी म्हणून खालचा नट सोडला, अन् परत लावायचा विसरली.

बारशाच्या आदल्या दिवशी चारलाच अंधारून आलं. वारा सुटला, गारा सुरू झाल्या, अन् भिंतीवर खट्-खट् वाजायला लागलं. बायनाबाईनं खिडकीतून पाहिलं, तर लखलखीत पट्टी सळईपासून सुटून हलत होती. विजेची वाट अर्ध्यातच संपलेली. आत बाळंतीण अन् अकरा दिवसांचं लेकरू.

"आत्याबाई, तुमी नका जाऊ," सविता सासूपुढं रडकुंडीला आली.

"मी कुठं जायलेय गं. पाय जायलेत."

गारांच्या माऱ्यात भिंतीशी बसून तिनं तिथं पडलेला नट सळईला लावायला घेतला, तो दोनदा चिखलात पडला. तिसऱ्यांदा फिरवताना सगळं आभाळ पांढरं झालं. तिनं डोळे मिटले, नट सोडला नाही. वीज पडली ती लांब, ओढ्याकडं.

सकाळी वायरमन योगीराज पाना घेऊन आला. ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"मावशी, आभाळ गरजताना हिला हात लावतेत का? जीव गेला असता. अन् हिरवं घासू नका, त्यानं काई बिघडत न्हाई. जोड तेवढा साफ अन् घट्ट पायजे."

बायनाबाई ओट्यावर टेकली, अन् आदल्या दिवशी भ्यायचं राहिलं होतं ते सगळं तेव्हा भ्याली. बारशाचं ताट तिनं तसंच सारलं.

भ्या पुढंही गेलं नाही. पण दर वर्षी पावसाच्या तोंडावर, रोहिणी नक्षत्र निघायच्या आधी, निरभ्र सकाळ बघून, नट आवळायचं काम तिनं कोणाला दिलं नाही. योगीराजला पाना घेऊन बोलवायची अन् ओट्यावर बसवून ठेवायची.

गेल्या आषाढात ती वारली. त्याआधी महिना-दीड महिना नेमाप्रमाणं खाली उतरली होती. चारी बाजूंनी आभाळ पाहिलं, पदर खोचला, नट अर्धा फेरा आवळला, जोडावरची धूळ पुसली. पुन्हा चढलेल्या हिरव्याला हात लावला नाही. मग पाना योगीराजला देत सविताला म्हणाली, "चहा टाक गं. हा कवाचा बसलाय."