दारात आडवा गज

सत्तारचाचा गेले, हे मला त्यांच्या मुलानं, सलीमनं, फोनवर सांगितलं. मिट्टी, म्हणजे दफन, आदल्या दिवशीच झालं होतं. मला काही सुचायच्या आत तो म्हणाला, "ताई, ते नेटवरचं दुकान बंद करून टाका. अब्बाच्या मोबाइलवर लोकायचे फोन येऊन राह्यले. अम्मी उचलते अन् रडते." मी हो म्हटलं आणि महिनाभर काहीच केलं नाही. सांगायला कारण होतं. चाचांच्या दुकानाचं ते नेटवरचं पान बंद करायचं तर त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपीचा आकडा लागतो, आणि तो मोबाइल अकोटला चाचीजवळ होता. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. त्या एका पानापायी या माणसानं माझं इतकं डोकं खाल्लं होतं, की ते आता एका बोटानं पुसायचं म्हटलं तरी मला रागच येत होता.

चाचा माझ्या बाबांचे दोस्त. बाबा अकोटच्या पोस्टात होते, आणि आमच्या घरात अंथरलेली प्रत्येक सतरंजी चाचांच्या दुकानातून आलेली. पुढे मी अकोल्यात छोटंसं ऑफिस टाकलं. मेळघाटच्या रस्त्यावरचे ढाबे, लॉज, दुकानं यांची नेटच्या नकाशावर नोंद करायची, फोटो टाकायचे, चार ओळी लिहायच्या, असं काम. ती वर्षं वाईट होती. कपाशी साथ देत नव्हती, लग्नं घरच्या अंगणात पन्नास माणसांत उरकत होती, आणि मांडवात सतरंजी अंथरायची वेळच येत नव्हती. चाचांच्या दुकानात दुपारपर्यंत कुणी फिरकायचं नाही. सेमाडोहला वाघ पाहायला निघालेल्या पुण्या-नाशिकच्या गाड्या मात्र त्यांच्या दारावरूनच जायच्या, न थांबता. मी म्हटलं, चाचा, या लोकांना तुम्ही दिसलाच नाहीत तर ते थांबतील कसे? "मी तं रोज इथंच बसतो," ते म्हणाले. "त्यायले दिसत नाई काय?"

इथून माझी परीक्षा सुरू झाली. मी त्यांच्याही दुकानाचं पान केलं, वर्णन छान लिहिलं. त्यांनी मला वाचायला लावलं आणि म्हणाले, यात लाल रंगाचं नाई लिहिलं. लाल रंग पहिल्या धुण्यात जातो, वेगळी धुवा, हे लिही. चाचा, असं कुणी जाहिरातीत लिहितं का? "मंग त्यायचे कपडे खराब झाले तं कोन धुणार, तू?" लिहिलं. मग म्हणाले, मोठ्या मापाची सतरंजी आपल्याकडे नाही, समोरच्या गुप्तांकडे आहे, तेही लिही. आपल्या पानावर समोरच्याचं नाव! मी वैतागून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन, "लिहिलं का?" तेही लिहिलं. त्यानंतर रोज सकाळी मी ऑफिस उघडायच्या आत फोन यायचा, आज किती जणांनी पाहिलं. अकरा म्हटलं तर विचारायचे, "मंग आले काहून नाई?"

पण खरं भांडण झालं ते वेळेवरून. नकाशाला दुकान कधी उघडतं आणि कधी बंद होतं ते सांगावं लागतं. चाचा म्हणाले, माझं दुकान बंदच होत नाही. मी विचारलं, नमाजला जाता तेव्हा? "तवा गज आडवा असते." सतरंजी मोजायचा त्यांचा लाकडी गज होता. दुकान सोडून जाताना ते तो उंबऱ्यावर आडवा ठेवत, चौकटीच्या या लाकडापासून त्या लाकडापर्यंत. अख्ख्या बाजाराला त्याचा अर्थ ठाऊक होता. माणूस येतोय, स्टुलावर बसा, माठातलं पाणी प्या. शटर त्यांनी माझ्या आठवणीत कधी दिवसा ओढलं नाही. मी समजावून थकले, की नकाशात उघडं असतं किंवा बंद असतं, गज आडवा असं काही नसतं. "तं त्यायले सांग, टाका म्हना," चाचा म्हणाले. कुणाला सांगणार होते मी...

व्हायचं तेच झालं. गाडी थांबवून एक कुटुंब आलं, दारात काठी आडवी पाहिली, आणि दुकान उघडं दाखवून फसवलं म्हणून पानावर पाचपैकी एकच तारा देऊन गेलं. मी चाचांना चांगलं झापलं.  ते हळूच म्हणाले, "पाहुने दारावरून परत गेले बेटा. पानी बी नाई पेले." त्या दिवशी त्यांनी सांगितलं तसंच्या तसं मी पानावर सगळ्यात वर टाकलं: 'दारात गज आडवा असला तर दुकान उघडं आहे. मी नमाजला गेलो असेन. स्टुलावर बसा, पाणी प्या. पंधरा मिनिटांत येतो.' हसतील लोक, असं मला वाटलं होतं. लोक थांबायला लागले.

चाळिसाव्याला मी अकोटला गेले. आज पान बंद करूनच यायचं, असं ठरवून गेले. सलीमनं कुलूपही आणून ठेवलं होतं. आणि दारात पाहते तर गज आडवा. स्टुलावर एक बाई, शेजारी उभा त्यांचा नवरा, हातात फोन. "पंधरा मिनिटं लिहिलंय," बाई म्हणाल्या, "अर्धा तास झाला. यायचेत का ते?" मला इतका राग आला चाचांचा. असं कुणी लिहून ठेवतं का, आणि निघून जातं का!  मागच्या पडद्याआडून चाचीचा आवाज आला. दुकानामागेच त्यांचं घर, आणि चाची इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहायच्या दिवसांत, त्यामुळे त्या बाहेर येणार नव्हत्या. "सुजाता, गज उचल. दाखव त्यायले. वरच्या थप्पीत निळ्या पट्ट्याची हाये."

मी दाखवली. गजानं मोजूनही दिली, पहिल्यांदाच. लाल हवी म्हणाल्या तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, की पहिल्या धुण्यात रंग जातो.

ते गेल्यावर मी पडद्याशी जाऊन चाचीला मोबाइल मागितला. "कायले?" पान बंद करायला, मी म्हटलं.  "रोज सकाळी आतून हात घालून गज म्याच ठेवतो," त्या म्हणाल्या. "इद्दत संपू दे. मंग मीच बसीन. तवरक लोकायले म्हना, बसा." सलीम कुलूप हातात घेऊन उभा होता. त्यानं ते खिशात टाकलं.

इद्दत म्हणजे चार महिने दहा दिवस. पानावर पंधरा मिनिटं लिहिलेली आहेत. चाचा असते तर मी त्यांना चांगलंच विचारलं असतं, की आता हे कुठल्या रकान्यात भरू. निघताना मी गज चौकटीत ठेवला. मधोमध, जिथं ते धरायचे, तिथं लाकूड गुळगुळीत झालं आहे. मी तिथंच धरलं होतं. मग माठातलं पाणी प्याले आणि पंधरा मिनिटं स्टुलावर बसून राहिले.