मामीचं नाक

माझा मामा हॉटेलांच्या स्वयंपाकघरात कोळशाचे फिल्टर बसवतो. शेगडीवरचा धूर आधी जाळीतून जातो, तिथे तेल अडतं. मग तो कोळशाच्या पेट्यांतून जातो, तिथे वास अडतो, आणि उरलेली हवा मागच्या गल्लीत सुटते. कोळसा भरत आला की वास पुन्हा बाहेर पडायला लागतो. तेव्हा पेट्या बदलायच्या. काम एवढंच. पण कधी बदलायच्या हे ओळखायला नाक लागतं, आणि अशा भटारखान्यात अर्धा तास काढला की कुणाचंही नाक संपावर जातं. मामाचं तर कायमचंच गेलेलं.

म्हणून तो मामीला सोबत न्यायचा. गाडी मी चालवायची. मामा आत शिरायचा आणि मामी गल्लीत धुराड्याखाली पर्स पोटाशी धरून, डोळे मिटून उभी राहायची. "मासे. आणि तेल कालचं आहे. बदला," असं ती म्हणाली की मामा शिडी काढायचा. बावीस वर्षं तिचा शब्द शेवटचा होता. घरीही त्या नाकाचा दरारा होता. कॉलेज बुडवून मी कुठे बसले होते ते तिने माझ्या केसांवरून ओळखलं होतं. त्याचा मला अजून राग आहे.

मागच्या हिवाळ्यात मामीला ताप आला. पंधरा दिवसांनी ती उठली आणि पुन्हा गाडीत येऊन बसायला लागली. काही महिन्यांनी एका कोपऱ्यावरच्या हॉटेलातून तक्रार आली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली, तळणाचा वास आला की तिला उलट्या व्हायच्या. मामी गल्लीत उभी राहिली आणि म्हणाली, "काही नाही, स्वच्छ आहे."

मास्तर खिडकीतून ओरडले, "वहिनी, नाक घरी विसरलात की काय?"

मामा कधी कुणाला उलटून बोलत नाही, पण त्या दिवशी तो मास्तरांवर असा भडकला की मला त्याला गाडीत ढकलावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच जाऊन पेटी उतरवली आणि काट्यावर ठेवली. नवी पेटी नऊ किलोची असते. ही साडेअकरा भरली. म्हणजे कोळशात आता काही मावत नव्हतं, वास येत होता, आणि मामीला तो येत नव्हता.

"सरळ विचार ना तिला," मी चिडून म्हटलं.

"विचारू? आणि ती हो म्हणाली तर?"

त्यानंतर मामाने नवीनच थेरं सुरू केली. आदल्या दिवशी गुपचूप पेट्या वजन करून बदलायच्या आणि दुसऱ्या दिवशी मामीला न्यायचं. ती "स्वच्छ आहे" म्हणायची आणि तसं ते असायचंही. घरी करपलेली भाजी तो मागून घ्यायचा. ओट्याजवळ त्याने गॅस गळला तर वाजणारी घंटा लावली, आणि दुकानदाराने फुकट दिली म्हणून सांगितलं. मामाला धड खोटंही बोलता येत नाही. मामीने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

परवा आम्ही त्याच कोपऱ्यावर गेलो. पेट्या आदल्या दिवशीच बदललेल्या. मामी डोळे मिटून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "वास येतोय. बदला."

मामा तिच्याकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला आणि शिडी घेऊन आत गेला. एक दिवस वापरलेल्या पेट्या त्याने उतरवल्या, फरशीवर ठेवल्या, थोडा वेळ बसला आणि त्याच परत चढवल्या. मी दाराशी उभी राहून धुमसत होते. पण बोलायची सोय नव्हती.

गाडीत मामीने पुढच्या सीटवरून मागे वळून नेहमीसारखे त्याचे काळे हात फडक्याने पुसायला घेतले.

"काल दुपारी कुठे गेला होतात?"

"काल? असंच, जवळपास."

"बाह्या काळ्या होत्या. सकाळी घासून घासून धुतल्या मी." ती एकेक बोट पुसत होती. "पेट्या कालच बदलल्यात. आज मी मुद्दाम म्हटलं, बदला. तुम्ही काय करता ते बघायचं होतं."

मामाने हात मागे घेतला, तिने तो पुन्हा ओढून घेतला.

"कधीपासून माहीत आहे?"

"मास्तर ओरडले तेव्हापासून."

"मला, तापातून उठले तेव्हापासून," ती म्हणाली. "वाटायचं, निदान तुम्हाला तरी माहीत नाही."

मला रडू आलं आणि मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

आज सकाळी त्यांच्या दाराशी हॉर्न वाजवला. मामा एकटाच खाली आला. पुढची सीट मामीची. तिथे तो बसला नाही. वजनकाटा मांडीवर घेऊन मागे बसला आणि म्हणाला, "चल."