डावा कोपरा

मस्कतमध्ये जून लागला की माणसं दोनच गोष्टींबद्दल बोलतात, उकाडा आणि सुट्टी. मी मात्र ऑक्टोबरच्या गोष्टी करायला लागते, कारण ऊन जरा हटलं की आमची कबड्डी सुरू होते. आमची म्हणजे रत्नागिरी आणि रायगडच्या लोकांनी इथे उभी केलेली टीम. कुणी गॅरेजमध्ये आहे, कुणी शाळेची बस चालवतो, कॅप्टन श्रीवर्धनकडचा मुसलमान, मासळीच्या गोदामात सुपरवायझर. चढाईला माझा नवरा, जो एरवी रुसैलच्या एका कारखान्यात फिटर आहे. मी खेळत नाही, मी ओरडते. वादी अदाईला डोंगराच्या कुशीत आमचं मैदान आहे, तिथे फक्कीच्या रेषेबाहेर घडीची खुर्ची टाकून बसलं की दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर दिवसभर गोड बोलणारी ती मीच का, असा बघणाऱ्याला प्रश्न पडावा. पंच मला बिचकून असतात आणि मला त्याचा आनंद होतो.

दुसरीकडचे प्रेक्षक पुढच्या सीझनची वाट बघताना कुठला खेळाडू कुणी विकत घेतला ते वाचतात. आम्हाला कुणाचा व्हिसा रिन्यू झाला ते बघावं लागतं. दर उन्हाळ्यात टीम मोडते. एखादा सुट्टीवर गावी जातो आणि तिथेच त्याला निरोप मिळतो की आता येऊ नकोस. एखाद्याच्या जागेवर इथलाच ओमानी माणूस घ्यायचा असं कंपनीत ठरतं, की खलास. एखाद्याची बदली थेट पाचशे किलोमीटरवरच्या दुकमला होते आणि शुक्रवारी तो तिथून यायचा कसा? त्यामुळे आमची आशा नेहमी धाकधुकीपासूनच सुरू होते, आणि मला त्याची सवय झाली होती. गेल्या उन्हाळ्यातली भीती मात्र निराळी होती.

ती सुरू झाली त्याआधीच्या फायनलमध्ये. शेवटची चढाई यांचीच होती. एक गुण हवा होता. यांनी बोनस रेषा गाठली, वळले, आणि तेवढ्यात एकाने घोटा धरला आणि दुसऱ्याने वरून झेप घातली. हे मानेवर पडले. आम्ही हरलो. टीमने यांना उठवलं, पाठ थोपटली, पुढच्या वर्षी बघून घेऊ असं सगळे म्हणाले. हे हसत होते. मग कुणीतरी चहाचे कप वाटले आणि यांनी तो डाव्या हाताने घेतला. आमच्याकडे डाव्या हाताने कुणी काही घेतलं की मी टोकते. त्या दिवशी मी टोकलं नाही, कारण उजवा हात यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता आणि तोंड हसरं ठेवून हे त्या हाताची बोटं उघडमीट करत होते.

डॉक्टर केरळचे, हिंदीतून सावकाश बोलणारे. मानेतली गादी सरकली आहे, नस दबते आहे, असं त्यांनी फोटो समोर धरून समजावलं. दोन बोटांना मुंग्या येतात तेवढंच, असं हे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, आज दोन बोटं आहेत. पुन्हा असा झटका बसला तर हात जाईल, आणि हातावरच भागेल असं मी सांगू शकत नाही. खेळ बंद. हे मान डोलवायला गेले आणि कळ आली म्हणून अर्ध्यात थांबले.

गाडीत बसल्यावर यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे, की कुणाला बोलायचं नाही. टीमला तर नाहीच. टीममधल्या एकाला कळलं की रुसैलमध्ये दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि ज्या फिटरच्या उजव्या हाताचा भरवसा नाही त्याला अर्बाब, म्हणजे मालक, कशाला ठेवेल? नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की मुलीची शाळा गेली. हे सगळं मलाही दिसत होतं. मी गप्प राहायचं कबूल केलं. पण खेळायचं काय, असं मी विचारलंच. हे म्हणाले, नवा चढाईवाला येणार आहे ना, तो आला तर मी कशाला खेळतोय?

नवा चढाईवाला म्हणजे कॅप्टनचा मावसभाऊ. गुहागरला त्याचं मोठं नाव होतं. त्याला इथे ड्रायव्हरची नोकरी मिळणार होती, कागद चालू होते. त्या दिवसापासून त्या मुलाच्या व्हिशासाठी मी जेवढा धावा केला तेवढा स्वतःच्या लग्नाच्या वेळीही केला नसेन. त्याचे खेळतानाचे व्हिडिओ कॅप्टन पाठवायचा, ते मी पुन्हा पुन्हा बघायचे. काय पाय होते त्याचे. प्रेक्षक म्हणून मी खूश व्हायचे आणि बायको म्हणून देवाला हात जोडायचे. हा मुलगा आला की टीम जिंकेल आणि माझा नवरा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेल, असा माझा सरळ हिशेब होता. जुलैत कागद अडकल्याचं कळलं तेव्हा मला जेवण जाईना. मुलीला वाटलं मी हरण्याच्या भीतीने रडवेली झाले आहे. "आई, बाबा आहेत ना, मग कशाला टेन्शन," असं ती मला समजावत होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. आम्ही राहतो त्या माबेलातल्या तिच्या मैत्रिणींमध्ये बाबा म्हणजे हिरो होते.

ऑगस्टमध्ये मला धीर धरवेना. रुवीत भाजी घेताना कॅप्टन भेटला तेव्हा मी गोष्ट आडवळणाने काढली. मान, नस, हात यातलं काही बोलले नाही. म्हटलं, यांचा दम आता पूर्वीसारखा राहिला नाही, वय झालं, या वर्षी चढाईला पाठवू नका. कॅप्टन भला माणूस. त्याने पिशवी खाली ठेवली आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, तुमी काळजी करू नका. दादांचा मान मी राखीन." मला इतकं हलकं वाटलं की मी घरी जाऊन यांना काहीच न सांगता नारळाच्या गोड रसातले शिरवाळे केले.

शेवटी कागद सुटले आणि सप्टेंबरच्या मध्यावर तो मुलगा आला. सरावाला उतरला आणि पहिल्याच चढाईत दोघांना बाद करून परत आला, तेव्हा मी खुर्चीवरून उडाले. हे माझ्याकडे बघून हसले. पुढच्या शनिवारी आम्ही सगळ्या टीमला घरी जेवायला बोलावलं. आमच्याकडे रीतच आहे, नवा खेळाडू पहिलं जेवण आमच्या घरी जेवतो आणि जुना माणूस त्याला जर्सी देतो. यांनी स्वतःची जर्सी दिली. त्या वेळी यांचा चेहरा मी पाहिला आणि मला गलबलून आलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला सुटल्यासारखं वाटलं. मी वाढायला घेतलं. आणि कॅप्टन उठून म्हणाला, "आता दादा डावा कोपरा सांभाळणार."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातली वाटी कलंडली आणि सोलकढी चटईवर सांडली.

आमच्या गावाकडे असंच करतात. चढाईवाल्याचा दम कमी झाला की त्याला घरी बसवत नाहीत, कोपऱ्यात उभा करतात. त्याची नजर मुरलेली असते, समोरच्याचा पाय कधी पुढे येणार हे त्याला आधी कळतं. हा बहुमानच असतो आणि कॅप्टनने तो मनापासून दिला होता. मी लहानपणापासून कबड्डी बघत आले आहे, हे मला सुचायला हवं होतं. दम गेला असं सांगितल्यावर कोकणातला कुठलाही कॅप्टन दुसरं काय करेल? चढाई करणाऱ्याला निदान निसटून परत यायचं असतं. कोपऱ्यातल्याला डोकं खाली घालून समोरच्याच्या घोट्यावर झेपायचं असतं, आणि मग बाकीचे सगळे त्याच्या अंगावर येतात. त्यातून डावा कोपरा. समोरचे बहुतेक सगळे उजवे, ते त्याच बाजूने चालून येतात. यांना वाचवायला म्हणून मी जे बोलले होते त्यानेच यांना मैदानातल्या सगळ्यात वाईट जागी नेऊन ठेवलं होतं.

भांडी घासताना मी यांना म्हटलं, नाही म्हणून सांगा. हे म्हणाले, कोपऱ्यात पळावं लागत नाही. मी म्हटलं, नवा आला तर खेळणार नाही असं कोण म्हणालं होतं? हे म्हणाले, तेव्हा म्हणालो होतो. मग मी रुवीतली गोष्ट सांगून टाकली आणि म्हटलं, आता मी उद्या कॅप्टनला सगळं खरं सांगते. यांनी नळ बंद केला. रागावले असते तर बरं झालं असतं, पण हे घाबरले होते. इतक्या वर्षांत यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"तू सांगितलंस की टीम जाईल आणि कामही जाईल," हे म्हणाले. "मग मी इथे कशासाठी आहे?"

मान मोडेल याची भीती आणि नोकरी जाईल याची भीती, दोन्ही एकाच वेळी उरावर बसल्या होत्या आणि एकीपासून सुटायला जावं तर दुसरी गळा धरत होती. फक्त सराव करतो, मॅच सुरू व्हायच्या आधी काहीतरी निमित्त काढतो, असं यांनी मला सांगितलं. मी विश्वास ठेवला असं म्हणता येणार नाही, पण ठेवल्यासारखं केलं.

शुक्रवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर सराव होता. माती भिजवून दाबलेली होती, फक्की ताजी होती, आणि कोपऱ्यात माझा नवरा गुडघे वाकवून उभा होता. मी नेहमीच्या जागी बसले. समोरून तो नवा मुलगाच चढाईला येत होता, "कबड्डी, कबड्डी" असा त्याचा दम घुमत होता आणि त्याची नजर यांच्यावरच होती. कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा हातात हात धरून उभे असतात, म्हणजे एकाने झेप घेतली तर दुसरा त्याला ओढून सांभाळतो. यांच्या शेजारी कॅप्टन होता. यांचा उजवा हात त्याच्या डाव्या हातात होता.

मुलगा जवळ आला तशी साखळी मागे सरकली. कॅप्टन नजर न काढता म्हणाला, "दादा, हात धरा."

"धरलाय," हे म्हणाले.

दोन पावलं अजून मागे. कॅप्टन पुन्हा म्हणाला, जरा चिडून, की दादा, घट्ट धरा, सुटतोय.

"अरे, धरलाय की."

तेव्हा कॅप्टनने खाली बघितलं. त्याने स्वतःचा हात वर उचलला आणि त्याच्याबरोबर यांचा हात वर आला. यांची बोटं उघडी होती, सगळी. दोन बोटांचं मला माहीत होतं. बाकीची कधी गेली ते यांनी मलाही सांगितलं नव्हतं. कॅप्टनने हात सोडला, तसा तो खाली लोंबला, आणि हे अजूनही समोर बघत, वाकून, झेप घ्यायच्या तयारीत उभे होते. नवा मुलगा एका पावलाच्या अंतरावर होता.

मी किंचाळले. नेहमी पंचांवर ओरडते तसं नाही. मुलगा जागच्या जागी थांबला, त्याचा दम तुटला, आणि मी चपलांसकट रेषा ओलांडून आत गेले. मैदानात चप्पल घालून कुणी येत नाही, पण मला कुणी अडवलं नाही. मी यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला.

"अहो, कळतंय?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

मी हात दाबते आहे की नाही हे पाहायला यांना खाली बघावं लागलं. मग यांनी कॅप्टनकडे पाहिलं, त्या नव्या मुलाच्या अंगातल्या आपल्या जर्सीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नाही."