गच्चीवरचे इझमीर

आमच्या साडूंइतका एकनिष्ठ माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडणार नाही, आणि ही निष्ठा त्यांनी मटणाच्या कोफ्त्यांना वाहिली आहे. वाळूजच्या एका कारखान्यात होते तेव्हा कंपनीने त्यांना हिवाळाभर यंत्र बसवायला तुर्कस्तानात, इझमीर नावाच्या बंदराच्या शहरी पाठवले होते. ज्या घरात ते राहत, तिथली म्हातारी जन्माने ग्रीक आणि म्हातारा तुर्क. जिरे, लसूण, दालचिनी घातलेले बोटासारखे लांबट कोफ्ते ती टोमॅटोच्या रश्श्यात रटरटवून वाढायची, आणि पदार्थ ग्रीकांचा की तुर्कांचा यावर दोघे रस्सा थंड होईपर्यंत भांडायचे. दुभाष्याने भांडणाचा नुसता विषय सांगितला होता; साडूंना दोघांचीही भाषा कळत नव्हती, म्हणून ते शांतपणे जेवायचे. पुढे ते यंत्र भंगारात गेले, साडू निवृत्त झाले, पण ते जेवण त्यांच्या मनात अजून चालूच आहे.

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, माळकरी. त्यामुळे त्यांच्या घरच्या रिवाजाप्रमाणे मटणाची शेगडी, पातेली, पळी, फार काय मिठाची बरणीसुद्धा गच्चीवर, आणि तिथल्या नळावर हातपाय धुतल्याशिवाय खाली यायचे नाही. अक्का गच्चीवर पाऊल ठेवत नाहीत. पापडसुद्धा वाळवायला आमच्याकडे पाठवतात. दर रविवारी साडू शहागंजातून खिमा आणतात, तोही दोनदा काढलेला. खाटीकचाचा विचारतात, "क्या साब, इतना बारीक कायको? दाँत गिर गए क्या?" साडू हसून म्हणतात, "चाचा, ये तुम्हारे नान-खलिये का काम नहीं है."

मी जन्मभर हिशेब तपासले, म्हणून मदतनीस मी. मी दालचिनी काट्यावर तोलून देतो; साडू ती घेतात, आभाळाकडे बघतात आणि वर आणखी एक चिमूट टाकतात. कोफ्ते तळताना त्यांना समुद्र दिसू लागतो. "पाव्हणं, हा वारा बघा. खारा लागतोय का नाय?" वारा दौलताबादकडून आलेला असतो. समुद्र इथून फार दूर आहे, असे मी सांगितले की म्हणतात, "तुम्ही लई नेमके. म्हणून तुम्हाला कुठं जाता येत नाय." एकदा ते कोथिंबीर आणायला खाली गेले असताना रस्सा पातळ वाटला, म्हणून मी सवयीने त्यात चमचाभर येसूर, म्हणजे भाजक्या धान्याचे आपले मसालेदार पीठ, ढवळला. मराठवाड्यातला कोणीही तेच करील. साडूंनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "इझमीरला निघालो होतो. गंगापूरला उतरवलंत."

गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला आणि तापाबरोबर नाकाला वास येणेच गेले. हिंगाची डबी उघडून ते नुसते बघत बसायचे. "चव नसली तरी चालंल हो," एकदा मला म्हणाले. "पण तिथला वास आधी आपोआप यायचा, आता आठवावा लागतो. एखाद्या दिवशी आठवणारच नाय." त्यानंतर त्यांनी मला आपले नाक नेमले. पळी माझ्यापुढे धरून विचारायचे, "काय येतंय?" मी म्हणायचो, "जिरे." "कसं येतंय?" "मध्यम." बिचारे मान हलवायचे. माझे नाक प्रामाणिक, पण ते इझमीरला कधी गेलेले नाही.

परवाच्या रविवारी, ऊन उतरताना, त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हणालो, "दालचिनी प्रमाणात आहे."

साडूंनी पळी खाली ठेवली. "प्रमाण नको. तसाच आहे का, तेवढं सांगा."

मी पुन्हा पातेल्यावर वाकलो. तेवढ्यात जिन्यात पावले वाजली. अक्का शेवटच्या पायरीवर येऊन थांबल्या होत्या, पदर नाकाला. थोड्या वेळाने त्यांनी पदर बाजूला केला.

"दालचिनी जास्त झाली," त्या म्हणाल्या. "तिकडनं आलात तेव्हा तुमच्या कोटाला एवढी येत नव्हती. जिरं मात्र तेच हाय."

साडू जिन्याकडे वळले. "तुला आठवतंय?"

"नाय आठवायला काय झालं? उन्हाळा लागेस्तोवर खुंटीला होता तो. मी धुतलाच नाय."

"का गं?"

"उगंच."

साडूंनी आच मंद केली. "मग आता सांगशील? तू खाऊ नको. नुसतं सांग."

"इथनंच सांगंन," अक्का म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

मला खाली जायला वाट उरली नाही. मी कठड्याला टेकून शहराचे दिवे लागताना पाहत राहिलो. मागे पळी सावकाश फिरत होती.

"लसूण आला," अक्का सांगत होत्या. "आता टोमॅटोचा आंबूस. थांबा, घाई करू नका. येतोय."