नळीखालचा राघू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – ओळखणाऱ्यांपुढे माझं तोंडच उघडत नाही.

ठासणीची जुनी रायफल, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची ती, कोणी घडवली हे ओळखण्याचा मला नाद. बंगळुरात असले शौकीन मोजकेच, त्यामुळे माझा शब्द शेवटचा. या मानाची चटक फार वाईट असते हो.

अण्णा माझे मावसभाऊ. त्यांचे वडिलांकडचे आजोबा लोकांच्या मागणीप्रमाणे रायफली घडवायचे. घरात त्यांचा एक फोटो होता, आणि नळीवर खूण उमटवायचा पोलादी ठसा – छोटासा राघू, शेपटीचं टोक तुटलेला. रायफल मात्र एकही उरली नव्हती. दर खंडेनवमीला अण्णा त्या ठशाला हळदकुंकू वाहायचे. जेवायला मी असायचोच.

सर्जापूर रोडवरच्या एका संग्राहकाकडे आम्ही सगळे शौकीन जमलो होतो, अण्णाही होते. त्याने नुकतीच मिळवलेली एक जुनी रायफल मी हातात घेतली आणि ठासून सांगितलं – इंग्रज कारागिराची. नळी उतरवून तिची खालची बाजू पाहिल्याशिवाय बोलू नये, हा आमच्यातला साधा नियम. मी पाहिली होती का? नाही. अण्णा मागून चाचरत म्हणाले, आजोबांच्या फोटोत अशीच आहे. मी हसलो. मी हसलो म्हणून सगळे हसले.

रायफल साफ करायला मी घरी आणली. पाचर काढली, नळी उचलली. खाली राघू होता. शेपटी तुटलेला.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन.

"नळी काढलीस का रे? खाली स्वल्प काही दिसतंय?"

"कोरी आहे, अण्णा."

"सरी, बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

इथवर भित्रेपणा म्हणा हवं तर. पण मग मी कानस घेतली – हो, कानस – आणि तो राघू घासून टाकला. उद्या दुसऱ्या कुणी नळी उतरवली तर? माझी शोभा झाली असती, एवढंच. तेवढ्यासाठी एका माणसाच्या हातची शेवटची खूण मी पुसली. सावकाश, नीट, वर तेलही लावलं. आज ती रायफल काचेच्या कपाटात आहे, आणि तिच्याखाली भलत्याच माणसाचं नाव.

पुढच्या खंडेनवमीला देवापुढे ठसा नव्हता. अण्णांनी तो मोडीत घातला होता. घरातल्या बढाया खऱ्या मानून उगाच पुजत बसलो, म्हणाले. वहिनी ओबट्टू, म्हणजे इकडची पुरणपोळी, वाढत होत्या. अण्णा माझ्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "त्या दिवशी चारचौघांत मी मध्येच बोललो. मनात ठेवू नकोस."

मी म्हटलं, असू दे अण्णा. आणि आणखी एक ओबट्टू वाढून घेतला.