सत्तावनची म्हणून सांगितलेली बंदूक

ती बंदूक अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही. मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी सुरू असतानाच खबर आली की, सेलूजवळ भाजीपाला पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घरात विनापरवाना बंदूक आहे.

पंच घेऊन आम्ही गेलो. ठासणीची बंदूक देव्हाऱ्याशेजारी उघड टांगलेली होती. शेतकऱ्याने न घाबरता एक प्रमाणपत्र पुढे केले. 'सत्तावनच्या उठावातील मूळ शस्त्र' असे हिंगणघाटच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने लिहून दिले होते.

पंचनामा करून बंदूक जप्त केली. जुनी, वापरात नसलेली ठरली तर परवाना लागणार नव्हता, प्रकरण मिटणार होते. नवी निघाली तर हा माणूस तुरुंगात जाणार होता. मुख्यालयात शस्त्रांची देखभाल करणाऱ्या आर्मोररने ती खोलली. नळी पाण्याच्या पाइपची होती, आतले स्क्रू बाजारातले. मी शेतकऱ्याला अटक केली. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "साहेब, माया पणज्याची हाये जी, सत्तावनची; आजा सांगे. मी कायले खोटं बोलू?"

खोटे बोलणारा सहसा तपशील वाढवत जातो. हा वाढवत नव्हता. मला खुर्चीत बसवेना.

दुपारी त्याची म्हातारी आई ठाण्यात आली. मी बंदूक तिच्यापुढे ठेवली. तिने लाकडी दस्त्यावरून दोनदा हात फिरवला.

"हे आमची नाई, साहेब. आमच्या दस्त्याले चीर होती. माया सासऱ्यानं लाख भरलती तिच्यात."

"त्या व्यापाऱ्यानं लाकूड दुरुस्त करून देल्लं ना, माय," मुलगा म्हणाला.

"त्याच्याकडे किती दिवस होती?" मी विचारले.

"पंधरा दिवस. तपासाले ठेवून घेतलती."

संध्याकाळच्या आत व्यापाऱ्याच्या गोदामात लाख भरलेली बंदूक सापडली. नक्कल परत करून अस्सल ठेवून घेतल्याचे त्याने कबूल केले. शेतकरी सुटला.

पुढे तज्ज्ञाचा अहवाल आला. अस्सल बंदूक जुनी होती, पण उठावानंतर बनलेली. बहुधा पिकाच्या राखणीची. न्यायालयाच्या आदेशाने ती परत देताना म्हातारीने विचारले, "सत्तावनचीच होय ना?"

मी खरे ते सांगितले. तिने लाख भरलेल्या चिरेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "मंग माया सासऱ्यानं तसं काऊन सांगतलं असन?"

त्यानंतर कोणतीही वस्तू हाती आली की, ती मधल्या काळात कोणाकोणाकडे होती, हे मी अटकेआधी विचारू लागलो. तेवढे त्या दिवशी विचारले असते तर एक निरपराध माणूस कोठडीत बसला नसता. म्हातारीच्या प्रश्नाचा तपास मात्र मला करता आला नाही. ज्याला विचारायचे, तो कधीच गेला होता.